काखेतला कळसा

गेल्या ज्येष्ठात पुण्याचे आमचे साडू एका लग्नाच्या निमित्ताने सहकुटुंब लातुरास आले होते. लग्न सकाळीच उरकले, जेवणे झाली आणि हाती उरली ती रिकामी दुपार. साडूभाऊंनी सुपारी तोंडात टाकली, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली आणि सहज विचारले, "काय हो प्राध्यापक, तुमच्याकडे जवळपास पाहायला काय आहे?"

मी मराठीचा प्राध्यापक. विषय असो वा नसो, पाऊण तास बोलत राहण्याचा आमचा सराव दांडगा. पण त्या दुपारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. सौभाग्यवतींनी माझी अडचण ओळखून सिद्धेश्वराचे देऊळ पुढे केले. मी गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते सुचवले. "ते सकाळीच वरातीत पाहिलं," साडूभाऊ म्हणाले आणि मग सिंहगड, लोहगड, भुशीचा बांध अशी आपल्या रविवारांची यादी त्यांनी ऐकवली. शेवटी उठता उठता एक वाक्य टाकले, "तुमचा मुलूखच कोरडा, त्याला तुम्ही तरी काय करणार!"

वाक्य खोचक नव्हते. कीव करणारे होते. म्हणून तर ते अधिक झोंबले. त्या रात्री आमची थोरली पाण्याचा तांब्या भरायला स्वयंपाकघरात आली, दारात थबकली आणि म्हणाली, "बाबा, खरंच काही नाहीये का आपल्याकडे?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला तीन रविवार आणि चाळीस-बेचाळीस लिटर पेट्रोल खर्च करावे लागले. त्याचीच ही हकीकत.

*

थोरली यंदा बारावीला आहे. लातुरात बारावीला मूल असणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचे नाही. पहाटे सहाला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग अभ्यासिका. परजिल्ह्यांतून आलेली हजारो मुले आमच्या गावात दोन-दोन वर्षे राहतात. खोली, खानावळ आणि क्लास या तीन बिंदूंना जोडणारा त्रिकोण सोडून त्यांना गावाचा दुसरा आकार ठाऊक नसतो. आमची पोर तर गावातलीच. पण तिचाही त्रिकोणच झाला होता. परीक्षेचे नाव 'नीट'. घरात मात्र काहीच नीट राहिले नव्हते. ती कमी बोलू लागली होती. ताटात अर्धी पोळी ठेवून उठायची. काय झाले विचारले की, "काही नाही." आईबापांना घाबरवायला या दोन शब्दांइतके दुसरे काही पुरेसे नाही.

मी जेव्हा रविवारी बाहेर पडण्याची टूम काढली तेव्हा घरातून पहिला विरोध आला तो सौभाग्यवतींचा. "रविवारी टेस्ट असते तिची. आणि तुम्हाला आत्ताच कसं सुचलं फिरायचं?" बराच काथ्याकूट झाला. शेवटी तह ठरला तो असा: वर्षात फक्त तीन रविवार, सकाळी सहाला निघायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी यायचे, हॉटेलात मुक्काम नाही. क्लासकडून 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे' असा संदेश मोबाइलवर आला तर त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी.

मी नकाशा उघडून बसलो आणि अक्षरशः ओशाळलो. लातुराभोवती आणि माझ्या सासुरवाडीच्या नांदेडाभोवती, गाडीने दोन-तीन तासांच्या आत, केवढे तरी पसरलेले होते! चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे वनस्पतींनी नटलेले बेट. धाराशिवच्या वाटेवर येडशीजवळ रामलिंगाचे अभयारण्य; पावसाळ्यात तिथे देवळाजवळच धबधबा कोसळतो आणि माकडे प्रसादावर हक्क सांगतात. नळदुर्गाला बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात १६१३ च्या सुमारास आदिलशाहीने बांधलेला पाणीमहाल. बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागले की 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे सुरू होतात आणि पाण्याच्या पडद्याआड माणूस कोरड्या अंगाने उभा राहू शकतो. उदगिराचा किल्ला तर इतिहासाच्या पुस्तकातला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते उदगिराच्या मोहिमेत. तिथून परतुरास गेल्यावर उत्तरेच्या स्वारीचा निर्णय झाला आणि वर्षभरात पानिपत घडले. हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. किल्ल्यात मात्र एकदाच गेलो होतो, तोही एका पाहुण्याला मूळव्याधीच्या वैद्याकडे नेताना!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

*

पहिला रविवार हत्तीबेटाचा. आषाढ सरत आला होता. लातुराहून उदगीर सुमारे ६५ किलोमीटर. त्याच्या अलीकडे देवर्जनच्या बाजूला, सपाट रानात हत्ती बसावा तशी ही टेकडी बसली आहे. आम्ही चौघे आणि मागच्या सीटवर मध्ये माझी आई. आईचे वय बहात्तर. तिला न्यायचे की नाही यावर वाद झाला होता. पण 'हत्तीबेट' हे नाव कानावर पडताच ती स्वतःच लुगडे बदलून, काठी घेऊन ओसरीत येऊन बसली.

टेकडी फार उंच नाही. पोरे खेळता खेळता चढतात. पण माथ्यावर गेले की चारी बाजूंनी काळी आणि तांबडी शेते, नुकत्या उगवलेल्या सोयाबीनच्या ओळी, मधूनच तुरीचे पट्टे आणि त्यांवरून पळणाऱ्या ढगांच्या सावल्या असे काही दिसते की, 'कोरडा मुलूख' म्हणणाऱ्याला हात धरून तिथे उभे करावे. कड्यात कोरलेली जुनी लेणी आहेत. माथ्यावर गंगाराम महाराजांची समाधी आहे.

आई अर्ध्या तासाने, चार ठिकाणी बसत, वर पोहोचली. श्वास खाली बसल्यावर तिने मातीला हात लावून कपाळाला नेला. थोरलीने विचारले, "आजी, देव तर तिकडे आहे."

"देवाला नाही ग," आई म्हणाली. "तुझ्या पणजीच्या भाकऱ्या इथं यायच्या."

वाचकांपैकी तरुणांसाठी थोडे सांगायला हवे. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम चालला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांनी, आमचा पंधरा ऑगस्ट उजाडला. या तेरा महिन्यांत रझाकारांशी लढणाऱ्या तरुणांनी ठिकठिकाणी आपली ठाणी केली. हत्तीबेट हे त्यांतले एक. आमचे मूळ गाव इथून जवळच. माझी आजी तेव्हा विशीतली सून. आईने तिच्या तोंडून ऐकलेली हकीकत अशी, की अंधार पडल्यावर चुलीवर पायलीभर ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, कडब्याच्या पेंढीत लपवायच्या आणि पहाटे गुराख्याबरोबर रानात धाडायच्या. बेटावरची माणसे कोण, हे आजीला कधी कळले नाही. तिने फक्त भाकऱ्या मोजल्या.

"पणजीला भीती नाही वाटली?" थोरलीने विचारले.

"वाटली ना. पण तव्यावर टाकलेली भाकरी उलटावीच लागते. भीती वाटली म्हणून ती तशीच ठेवली तर करपते."

मी मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर दोन व्याख्याने तयार ठेवली आहेत. दरवर्षी सतराव्या सप्टेंबरला त्यांपैकी एक देतो. आईचे हे वाक्य दोन्हींत नाही. आणि घरापासून दीड तासावरची ही टेकडी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मी चढलो नव्हतो.

परतताना थोरलीने डब्यातली शिल्लक दशमी न सांगता संपवली. सौभाग्यवतींनी आरशातून माझ्याकडे पाहिले. बोलल्या काही नाहीत.

*

दुसरा रविवार श्रावणातला, खरोश्याच्या लेण्यांचा. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

औसा ओलांडून निलंग्याच्या अंगाला गेले की, लातुराहून ४५ किलोमीटरवर खरोसा लागते. टेकडीच्या कुशीत बारा लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची. वेरूळ-अजिंठ्याचा खडक काळा आणि टणक. खरोश्याचा जांभा, तांबूस आणि सच्छिद्र. त्यामुळे इथल्या मूर्ती झिजल्या आहेत. नृसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण यांना ओळखायला थोडा वेळ द्यावा लागतो. एका लेण्यात ध्यानस्थ बसलेली मूर्ती आहे. ओळख पटली की ती दगडातून जणू पुढे सरकते. सहलीला येणाऱ्यांची गर्दी नाही, तिकिटांची रांग नाही, खेळणीवाले नाहीत. श्रावणातली हिरवळ आणि वारा.

मुले पळतच आत गेली. मागून सौभाग्यवती गेल्या. मी बाहेर थांबलो.

मी नेहमीच बाहेर थांबतो. कॉलेजची सहल वेरुळास नेली तेव्हाही मी अंगणात उभे राहून कैलासाची माहिती सांगितली आणि आत मुलांना सहकाऱ्यांच्या हवाली केले. 'सरांना गर्दी सोसत नाही' असा त्यांचा समज आहे, तो मी मोडलेला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आम्ही लातुरात भाड्याच्या घरात राहत होतो. वडिलांनी मला दंडाला धरून ओढत अंगणात आणले, एवढेच आठवते. आमचे घर उभे राहिले. पण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात वडिलांचे काका राहत. त्यांचे उभे राहिले नाही. त्या भागातली घरे म्हणजे हात-हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर त्या पहाटे माणसांवर कोसळले. गणपती बोळवून गावे गाढ झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. तिसऱ्या दिवशी वडिलांबरोबर मी तिथे गेलो. घर नव्हते, दगडांचा ढीग होता आणि त्यात एक पितळी परात उताणी पडली होती. तेव्हापासून दगडी छताखाली माझे पाऊल अडते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. पुरुषमाणसाने, त्यातून प्राध्यापकाने, असले काही सांगायचे नसते अशी माझी समजूत होती.

थोरली लेण्यातून बाहेर आली. "बाबा, तुम्ही नाही येत?"

"इथून चांगलं दिसतं."

"इथून काहीच दिसत नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांच्या पोरीला फसवणे सोपे नसते. मग मी पायरीवर बसलो आणि परातीपर्यंत सगळे सांगितले. आम्ही बसलो होतो तिथून किल्लारी काही फार दूर नाही. तिने सगळे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "पण बाबा, ती घरं रचलेली होती. हे कोणी रचलेलंच नाही. कोरलंय."

वाक्य साधे होते. शास्त्राच्या कसोटीला ते किती उतरेल ते भूगर्भवाले सांगतील. जांभाही कुठे कुठे ढासळलेला दिसत होताच. पण तिने हात पुढे केला होता, आणि तो नाकारणे मला जमले नाही. मी आत गेलो. दहा मिनिटे होतो. त्यातली पाच मी छताकडेच पाहत होतो हे मान्य करतो. उरलेल्या पाच मिनिटांत मी जन्मात प्रथमच लेणे आतून पाहिले. बाहेरचा उजेड तांबड्या खडकावरून परतून आत येतो तेव्हा त्याला एक ऊब असते. पुस्तकात हे लिहिलेले नसते.

बाहेर येऊन बसल्यावर ती म्हणाली, "मलाही होतं तसं. टेस्टचा पेपर हातात आला की. वर काहीतरी आहे आणि ते पडणार, असं." मग हळूहळू सगळे बाहेर आले. मार्क कमी झाल्यापासून बाक बदलला. मागे बसावे लागते. रात्री झोप येत नाही. आम्ही क्लासची फी भरली आहे हे डोक्यातून जात नाही. "सांगितलं का नाहीस?" मी विचारले. "तुम्ही तरी कुठे सांगितलं होतं?" ती म्हणाली.

यावर मराठीच्या प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही. एका महिन्यात ही दुसरी खेप.

*

तिसरा रविवार पोळ्याला जोडून आला. पोळा नांदेडला, सासुरवाडीस. नांदेडला गेले की मला नेहमी एक गंमत वाटते. सचखंड एक्सप्रेसने लांबचा प्रवास करून पंजाबातली माणसे इथे येतात, कारण गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली गोदेच्या या तीरावर देह ठेवला. ती माणसे आयुष्यभर या गावाची आस धरतात; आणि गावातली माणसे सुट्टी मिळाली की महाबळेश्वरला जातात.

आदल्या दिवशी मेहुण्याने कंधार दाखवले. नांदेडहून ५० किलोमीटर. राष्ट्रकूटांच्या वेळचा हा भुईकोट. तिसऱ्या कृष्णाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. डोंगरी किल्ल्याला उंची राखते, भुईकोटाला पाणी. भोवतीचा पाण्याने भरलेला रुंद खंदक पाहिला की हे वाक्य समजते. या गावात एका अतिप्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष सापडले आहेत; दगडाचे एकेक तुकडे पाहून धाकट्याने विचारले, "एवढा मोठा देव उभा कसा केला असेल?" हा प्रश्न मी त्याच्याकडेच ठेवला.

रविवारी सहस्रकुंड. नांदेडहून सुमारे १०० किलोमीटर, किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ. पैनगंगा इथे नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांची सीमा आहे. सपाटीवरून संथ येणारी ही नदी काळ्या कातळाच्या कडेवर येते आणि एकाएकी फुटते. तिच्या धारा होतात, धारांच्या शुभ्र भिंती होतात, आणि खाली अरुंद घळईत सगळे उकळत निघून जाते. आवाज गाडी थांबवण्याआधीच ऐकू येतो.

थोरली कड्यापासून लांब, कठड्याशी उभी होती. बराच वेळ तिने काही म्हटले नाही. मग म्हणाली, "बाबा, आपल्याकडे पाण्याची गाडी आली होती तेव्हा मी दुसरीत होते ना?" होय. एप्रिल २०१६ मध्ये लातुराचे पाणी संपले आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत बादल्यांच्या रांगा असत. घागरभर पाण्याकरिता मोठ्या माणसांची भांडणे पाहत ही मुले वाढली. नळाला पाणी येणे हा ज्यांच्या लेखी सण, त्या मुलांनी एवढे पाणी एकत्र, कोणी न मोजता, न भांडता, वाहताना पाहिले. धाकटा म्हणाला, "हे सगळं फुकट जातंय!" लातूरकराचाच तो उद्गार.

दुपारी आम्ही धबधब्याच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या कातळावर डबे सोडले. इथे माझी चूक झाली, ती सांगतो. ऊन स्वच्छ पडले होते, पाणी हातभर लांब होते आणि कातळ बसायला जणू पाटासारखा. पुरणपोळ्या निघाल्या. धाकटा आणि मेहुण्याची दोन मुले पाय पाण्यात सोडून बसली. एवढ्यात काठावरून म्हशींमागचा एक म्हातारा ओरडला, "ओ सर! पोरायला वर घ्या! पाणी गढूळ होऊ लागलं बघा!"

मी पाहिले. पाणी मघाशी हिरवट होते, आता चहासारखे झाले होते. काटक्या आणि पाला तरंगत येत होता. पण वाढलेले काही दिसले नाही. "घेतो हो, एवढं जेवण..." मी म्हणालो.

"जेवण नंतर! आधी पोरं!"

त्या स्वरात असे काही होते की आम्ही ताटे सोडून उठलो. मुलांचे दंड धरले. वडिलांनी माझा धरला होता तसेच. काठ चढून वर येऊन मागे वळतो तो दोन कातळांमधल्या फटीतून पाणी पलीकडे शिरले होते. दहा-पंधरा मिनिटांत आमचा पाट पाण्याखाली गेला. स्टीलचा चार खणांचा डबा, सासूबाईंच्या लग्नातला, एकदा गिरकी घेऊन धबधब्याकडे निघून गेला. कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी दोन्ही मुलांना असे धरले होते की त्यांना धड श्वास घेता येईना.

म्हाताऱ्याने मग बसून समजावले. इथे ऊन असले तरी वर पाऊस असतो. वर इसापूरचे धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले की पाणी इथे यायला वेळ लागतो, पण येते ते सांगून येत नाही. कयाधूचे पाणीही वरच मिळते. "नदी आधी रंग बदलती, मग कचरा आणती, मग आवाज बदलती. तेवढं ज्याला कळलं त्याला ती काही करत न्हाई." मी खिशात हात घातला तेव्हा त्याने मान हलवली. "पोरायला खाऊ घ्या," म्हणाला आणि म्हशींमागे गेला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, याची चुटपुट मला अजून आहे.

*

साडूभाऊंसारख्यांच्या आणि माझ्यासारख्यांच्याही सोयीसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

आमच्या मुलखाला जायचे ते आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत. चैत्र-वैशाखात ऊन माणसाला भाजून काढते. तेव्हा लेणी-किल्ले पाहायचेच झाले तर सकाळी नऊच्या आत. धबधब्यांना श्रावण-भाद्रपद उत्तम, पण पात्रात उतरायचे नाही. कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि मघाची गोष्ट आपण वाचलीच आहे. घाई नसलेल्यांनी नांदेडहून माहूर दोन दिवसांचे करावे: रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया ही तीन शिखरे, किल्ला आणि वाटेतले किनवटचे सागवान. जवळच पैनगंगा अभयारण्य आहे. तिथे वनखात्याची परवानगी घेऊनच जावे. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे त्याच बाजूला. किनवटहून पुढे तेलंगणात शिरले की कुंतलाचा धबधबा आहे.

पाणी घरून न्यावे, डबा घरून न्यावा. आमच्या आडवाटांवर चहा मिळेल, जेवण मिळेलच असे नाही. लेण्यांत खडूने नावे लिहू नयेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय परतू नये. नकाशात रस्ता असतो, नदीचा स्वभाव नसतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, गुडघे दुखत असले तरी, एकदा तरी बरोबर न्यावे.

थोरलीचा निकाल काय लागायचा तो पुढच्या उन्हाळ्यात लागेल. तीन रविवारांनी मार्क वाढले असे मी म्हणणार नाही. उलट एका टेस्टला गैरहजेरी लागली आणि तो संदेश मी ठरल्याप्रमाणे निमूटपणे सोसला. पण ती ताटातली पोळी पूर्ण खाते. बाक अजून मागचाच आहे, हे आता ती स्वतःहून सांगते. आणि मी? परवा कॉलेजातल्या मुलांनी यंदाच्या सहलीसाठी धाराशिवच्या लेण्यांचे नाव काढले, तेव्हा मी सहकाऱ्यांकडे न पाहता "चला, आतून दाखवतो" म्हणालो. म्हणताना घशाला कोरड पडली, पण म्हणालो.

साडूभाऊंचा फोन आला होता. दिवाळीत कुठे जाताय, विचारत होते. मी म्हटले, "तुम्हीच या. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघू. येताना एक डबा मात्र घेऊन या. आमचा पैनगंगेत गेला."